लग्नाच्या कॅसेटमधली मोजणी

काकांना कुणी निरोप घेतलेला चालत नसे. म्हणजे तुम्ही "येते काका" म्हणून चपला पायात सरकवल्या, की हा माणूस तोंड भिंतीकडे करून उभा राहायचा. फाटकाची कडी वाजली, पावलं गल्लीत विरली, की मगच वळायचा. गॅस सिलिंडरवाला असो, टपालवाला असो, नाहीतर रोज सकाळी शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीची बस पकडायला धावणारी मी, त्यांची भाडेकरू असो. सगळ्यांना एकच न्याय. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपलंच काही चुकलं. मग वाटलं, माणूस शिष्ट आहे. शेवटी न राहवून विचारलंच.

"सवय हाय," काका म्हणाले. "पाठमोरं माणूस बघवत नाय मला."

औरंगपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. वरची खोली माझी. खाली दोघंच: काका, आणि त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ कित्येक वर्षांपूर्वी एका लग्नातून नाहीसा झालेला, आणि काका जन्माचे ब्रह्मचारी. एवढ्या शिध्यावर गल्लीने काय काय शिजवलं असेल ते सांगायला नको. पण वहिनी कपाळाला ठसठशीत कुंकू लावून ओट्यावर लसूण सोलत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा काही बघत, की बोलणाऱ्याची जीभ टाळ्याला चिकटे. काका त्यांना वैनी म्हणत, म्हणून दूधवालाही वैनी म्हणे. मीही वहिनीच म्हणू लागले, माझ्या आजीच्या वयाच्या असताना.

काका एकेकाळचे नामांकित व्हिडिओ शूटिंगवाले. खांद्यावर कॅमेरा, मागे फोकस धरणारा माणूस, असे त्यांनी या जिल्ह्यातले मांडव पालथे घातले होते. मिक्सिंगमध्ये तर हात धरणारा कुणी नव्हता. नवरी गुलाबाच्या फुलातून उमलायची, नवरदेव चंद्रकोरीवर बसून झुलायचा आणि सासूबाई कमळात फिरायच्या. मोबाईल आले आणि ही सगळी फुलं कोमेजली. दुकान बंद झालं. सामान घरातल्या मागच्या खोलीत आलं: डबा टीव्ही, व्हीसीआर, एक थकलेला कॉम्प्युटर आणि भिंतभर कॅसेटा, बुरशीचा आंबूस वास सोडणाऱ्या.

त्यातच तो काळा डबा होता.

अमेरिकेत राहणाऱ्या कुणी जुन्या कॅसेटा सीडीवर करून घ्यायला दिल्या होत्या, त्या खोक्यात आलेला. परत नेताना ते म्हणाले, हा कचरा ठेवा तुम्हीच. तिकडे कधीकाळी हा खेळ निघाला होता म्हणे. व्हीसीआरमध्ये साधी कॅसेट लावायची. चित्र सुरू झालं, की डब्याला तारेने जोडलेली लाल बंदूक टीव्हीवर रोखायची. चित्रात कुठे कुठे पांढरे गोळे लुकलुकतात. गोळ्यावर नेम धरून चाप ओढला, की डब्यातून 'टुक' असा आवाज येतो आणि आकडा एकाने वाढतो. झालं. तुमचा नेम लागो, चुको, कॅसेटला त्याचं सुखदुःख नाही. ती आपली शेवटपर्यंत तशीच चालणार. ज्यात हरता येत नाही आणि जिंकताही येत नाही असला खेळ कोण किती दिवस खेळणार? तिकडे तो कधीच मेला होता. इकडे, आमच्या गल्लीत, शेगडीएवढ्या ट्रान्सफॉर्मरवर गुणगुणत तो जिवंत होता.

"बंदूक म्हणत्यात," काका ती माझ्या हातात देत म्हणाले, "पण हिच्यातनं काय निघत नाय. हिच्यात जातं. डोळा हाय ह्यो."

अमेरिकन कॅसेट केव्हाच फाटली होती. म्हणून काकांनी स्वतःची बनवायला घेतली. मिक्सिंगचा हात होताच. जुनं शूटिंग कॉम्प्युटरवर घ्यायचं, त्यातलं एकेक चित्र सुटं करायचं, एक आड एक चित्रात पांढरा गोळा बसवायचा, आणि सगळं पुन्हा कॅसेटवर उतरवायचं. गोळा लुकलुकला की बंदुकीला दिसणार. मिनिटभराच्या खेळासाठी काका आठवडा आठवडा पाठीला बाक काढून बसत. शूटिंग होतं त्यांच्याच चुलत बहिणीच्या लग्नाचं, सिल्लोडकडच्या गावातलं, गोरज मुहूर्ताचं.

पहिल्यांदा मी खेळले तेव्हा मजा आली, खोटं का बोला. फेटेवाला एक म्हातारा सुपारी कातरत होता, त्याच्या डोक्यावर गोळा. टुक. बुंदी पाडणारा आचारी. टुक. मांडवाच्या खांबाला टेकून लाडू खाणारी, दोन वेण्यांची मुलगी. टुक. वरमाईच्या मागच्या रांगेतून तर गोळे नुसते चमकत होते.

"काका, गोळा कुणावर टाकायचा ते कसं ठरवलंत?"

"जे गेले त्यांच्यावर."

"कुठे गेले?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला उत्तर मिळालं. मी बंदूक खाली ठेवली. दोन वेण्यांची मुलगी पडद्यावर अजून लाडू खात होती आणि तिच्या कपाळावरचा गोळा लुकलुकत होता.

खेळ कधी पुरा झालाच नाही, कारण माणसं जायची थांबली नाहीत. कुणी गेल्याचा निरोप आला, की काका अंघोळ करून मागच्या खोलीत शिरायचे आणि कॅसेट नव्याने बनायची. नातेवाइकांना हे ठाऊक होतं. पलीकडच्या गल्लीत काकांचे एक मामा राहत. लग्नात बँडपुढे रुमाल उडवत नाचलेले. ते अधूनमधून काठी टेकत यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "कारं, माझ्यावर नाय ना टाकला अजून?"

"नाय मामा. मोकळे नाचायलेत तुम्ही!"

मामा खूश होऊन चहा पिऊन जायचे, आणि काका भिंतीकडे तोंड करायचे.

ही काय विकृती, असं मी एकदा तोंडावर बोलले. मला मनात ठेवता येत नाही. काकांना राग आला नाही. त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. घराणं मेंढरं पाळणारं. संध्याकाळी कळप परतला, की वडील मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभे राहत आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीला हात लावून म्हणत, "आलं." पुढचं शिरलं, "आलं." एखादं हरवलेलं असलं, तर त्याच्या जागी म्हातारा क्षणभर थांबायचा. हात तसाच हवेत. मग पुढच्या मेंढराकडे वळायचा.

"मोजलं नाय ते गेलं, म्हनायचा बा. मरणं येगळं आन् मोजणीतनं सुटणं येगळं." काकांनी टीव्हीकडे बोट केलं. "मी ह्या कॅसेटीत कुठंच नाय बघ. कॅमेऱ्याच्या मागं व्हतो. मला कोन म्हननार, आलं?"

मी हसण्यावारी नेलं. पण खोलीवर गेल्यावर दिवा लावून बसले.

कंपनीत माझं काम वायरींच्या जुड्या तपासायचं. सगळं ठीक दिसतंय तिथे दोष शोधायचा, ही खोड हाडीमाशी खिळलेली. त्यामुळे गोळ्यांवर नेम धरायचा सोडून मी एका रविवारी चाप दाबत दाबत बंदूक पडद्यावरून सरळ फिरवत गेले. मंगलाष्टकं सुरू होतात, तिथे कॅमेरा उगाच डावीकडे सरकतो. मांडवाची मागची बाजू, उसवलेली कनात, शेताकडचं लाकडी फाटक, पलीकडे अंधारून आलेलं. एवढं दिसतं न दिसतं, तोच कॅमेरा झटक्यात परत अंतरपाटावर येतो. त्या फाटकावर बंदूक असताना डबा वाजला. टुक.

गोळा नव्हता. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. टुक.

"काका, दोष आहे तुमच्या कॅसेटमध्ये. इथे काही नाही, तरी वाजतं."

मी वळले. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. खोलीतून तर कुणीच जात नव्हतं. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, चित्र थांबवलं. थरथरणाऱ्या रेघांमध्ये फाटकाशी एक माणूस होता. पांढरा सदरा, खांद्यावर गाठोडं, पाठमोरा.

"दादा हाय त्यो," काका भिंतीला सांगावं तसे बोलले. "गोळा फिका टाकलाय. डोळ्याला दिसत नाय, बंदुकीला दिसतो."

मग भिंतीकडेच बघत त्यांनी सगळं सांगितलं. वडिलांनी मेंढरं विकून सगळ्यांना शहरात आणलं, ते थोरल्याला सोसलं नाही. तो उठायचा आणि चालू लागायचा. कधी पैठणला सापडायचा, कधी कन्नडच्या घाटात. आधी लोक हसले, मग वेडा म्हणाले. लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी त्याला एका बाबाच्या ठिकाणी नेऊन साखळीने बांधायचं ठरलं होतं. धरायला माणसंसुद्धा नेमली होती.

"सगळ्यांची तोंडं नवरा-नवरीकडं. मलाच तेवढा दिसला, कॅमेऱ्यातनं. हाक मारली असती तर धरला असता. मी कॅमेरा फिरवला."

"मग बरंच केलंत की!"

"काय बरं?" ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. डोळे लाल. "वैनीचा नवरा घालवला मी. कुंकू बघतीस ना त्यांचं? अजून वाट बघत्यात. आन् मला तोंडानं सांगता येत नाय. लई डाव ओठापर्यंत आलं, नाय निघालं. त्या रोज खेळत्यात. एक दिस त्यांची बंदूक तिथं जाईल. वाजंल. त्या इचारतील, मग सांगीन."

मी कपाळावर हात मारून घेतला. एक वाक्य बोलता येईना म्हणून माणसाने अख्खा खेळ रचला होता. रागही आला आणि भडभडूनही आलं.

वहिनी रोज खेळत, हे मला ठाऊक होतं. दुपारी भांडी झाली की त्या मागच्या खोलीत जायच्या, पदर खोचून पाटावर बसायच्या आणि दोन्ही हातांनी बंदूक धरायच्या. सुट्टीच्या दिवशी मला जिन्यात बसून ते ऐकू यायचं. टुक. "आले अण्णा." टुक. "आली आत्या." टुक. "आली गं बाय माझी," हे त्या दोन वेण्यांच्या मुलीला. भरल्या दुपारी, उन्हाने गल्ली चिडीचूप झालेली असताना, खालून एकेक मेलेलं माणूस घरात आल्यासारखं वाटायचं. मी अंगावर ओढणी घ्यायची.

काकांकडून ऐकल्यावर मी मुद्दाम दारात उभी राहून बघू लागले. वहिनींचा नेम चांगला होता. एक गोळा सुटत नसे. पण कॅमेरा डावीकडे सरकायच्या बेतात आला, की त्यांची बंदूक खाली मांडीवर यायची. अंतरपाट दिसला की पुन्हा वर. मला आधी वाटलं, हात दुखत असेल. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. एकदाही चुकला नाही तो हात. आणि माझ्या तपासणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: जिला तिथे काय आहे ते माहीत नाही, तिला नेमकं तिथेच थांबता कसं येईल?

मी काकांना काही बोलले नाही. त्या दोघांच्या मध्ये पडायची माझी छाती झाली नाही.

त्या हिवाळ्यात नाचणारे मामा गेले. नवी कॅसेट बनली आणि काकांनी त्यात फाटकावरचा गोळा थोडा गडद केला. आता तो डोळ्यालाही दिसत होता, राखेखालच्या निखाऱ्याएवढा. रविवार होता, आठवड्याचं पाणी आलं होतं. मी आणि काका अंगणातले ड्रम भरत होतो. आतून टुक ऐकू आलं आणि वहिनींचं, "आले मामा." काकांनी पाइप तसाच टाकला आणि ओल्या पायांनी आत गेले. मी मागोमाग.

कॅमेरा डावीकडे सरकला. बंदूक मांडीवर उतरली.

"वैनी," काका दारातूनच म्हणाले. "तिथं बी एक हाय."

"दिसला मला."

"मग?"

"मी नाय मारनार."

काकांनी कॅसेट थांबवली. पडद्यावर फाटक आणि ती पाठ थरथरत राहिली.

"भाऊजी, बंदूक हाय ही," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मानूस सुटून चाललंय आन् त्याच्यावर मी बंदूक धरू व्हय?"

"तुम्हाला कळलं, कोन हाय ते?"

"मला काय कळायचंय? फाटकाची कडी मी काढली. गाठुड्यात भाकरी मी बांधल्या. साखळीत बघू का त्येंला?"

काका होते तिथेच खाली बसले. बाहेर पाण्याचा पाइप फरशीवर सळसळत होता, बंद करायचं भान कुणालाच नव्हतं.

"मग हे कुंकू?"

"तुमची आस मोडू नये म्हनून ठिवलं. मला वाटलं, भाऊजी भावाची वाट बघायलेत. मी पुसलं तर त्येंचा दादा मरंल."

"मी बघितलं व्हतं, वैनी. मी कॅमेरा फिरवला."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाची दोघांनीही सुटका केली होती, त्याच्यासाठी ती दोघं इतकी वर्षं एकमेकांसमोर गुन्हेगारासारखी वावरत होती, एका छताखाली, एकाच चुलीवरचं खात. मला रडू आवरेना.

"बरं केलं भाऊजी," एवढंच वहिनी म्हणाल्या. आणि कॅसेट त्यांनीच पुढे सुरू केली.

अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या, नवरी गेली. मग कॅसेट रिकामी झाली आणि पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आल्या. कुणी उठून बंद केलं नाही. वहिनींचं बोट चापावर होतं, बंदूक पडद्याकडे. एकाएकी डबा वाजला. टुक. थोड्या वेळाने पुन्हा. मुंग्यांमध्येही लुकलुक असतेच, मशीन फसतं. हे मला कंपनीतल्या अनुभवावरून नीट समजत होतं. पण वहिनी त्या मुंग्यांकडे लांबवर शेतात बघावं तसं बघत होत्या.

"चालायलेत अजून," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी "येते काका" म्हणाले, आणि ते भिंतीकडे वळले नाहीत. दारात उभे राहून गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिले. पाठीवर ती नजर घेऊन चालताना मी अशी अवघडले, की नालीच्या कडेला ठेच लागली.

पुढे माझं लग्न झालं, मी त्याच शहरात पण दुसरीकडे राहायला गेले. काका गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेले, तेव्हा वहिनी ओट्यावर लसूणच सोलत होत्या. कपाळावर कुंकू होतं. आता ते कुणासाठी, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"तुला गोळा टाकायला येतो ना? त्येंच्या शेजारी बसून बघायचीस."

"येतो थोडाफार. पण वहिनी, काका कॅसेटमध्ये नाहीत. ते तर कॅमेऱ्यामागे होते."

"हायेत."

त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. बुरशी वाढली होती. कॅसेट लागली. फाटक आलं, गेलं. कॅमेरा झटक्यात अंतरपाटावर आला, आणि मागून फोकसचा उजेड असल्यामुळे त्या पांढऱ्या कापडावर, नवरा-नवरीच्या मधोमध, एक सावली पडली. खांद्यावर कॅमेरा घेतलेला, किंचित वाकलेला माणूस. मी ती कॅसेट कितीदा पाहिली असेल! दोष शोधणारी मी, मला ती कधी दिसली नव्हती.

"फिका टाकू की गडद?" मी विचारलं.

"गडद टाक. ते कुठं हरवलेत?"

मला किती रविवार लागले, ते माझी पाठ जाणे. कॉम्प्युटर मध्येच मान टाकायचा, कॅसेट अडकायची. जमलं तेव्हा दुपारच होती. वहिनींनी पदर खोचला, पाटावर बसल्या. आले अण्णा. आली आत्या. आले मामा. कॅमेरा डावीकडे सरकू लागला तशी बंदूक खाली आली. पण या वेळी मांडीपर्यंत गेली नाही. वहिनींनी ती हवेतच धरून ठेवली, त्या पाठमोऱ्या माणसापुरती. मग अंतरपाट आला, सावली पडली, आणि बंदूक वर उठली.

टुक.

"आले भाऊजी," वहिनी म्हणाल्या.